कळफलकावरून तक्त्यातला संचार

एक्सेलचा कोरा तक्ता उघडून बसलेल्या मनुष्यापुढे केवढे क्षेत्र पसरलेले असते, याची कल्पना पडद्यावर दिसणाऱ्या पंचवीस-तीस ओळींवरून येत नाही. २००७ च्या आवृत्तीपासून त्या तक्त्यात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात, म्हणजे एकाच पानावर सुमारे सतराशे अठरा कोटी सेल मावतात. आणि पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर जाण्यासाठी कोणी खाली जाणाऱ्या बाणाची कळ नुसती दाबून धरली, तर संगणक ती कळ सेकंदाला तीसच्या सुमारास वेळा उमटवतो असे धरूनही त्या प्रवासाला पावणेदहा तासांच्या आसपास लागतील. कंट्रोलची कळ दाबून तोच बाण एकदा दाबला, तर कोऱ्या तक्त्यात तोच प्रवास डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पुरा होतो.

या दोन रीतींतला भेद वेगाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते आणि बहुतेक शिकवण्यांमध्ये तो तेवढाच सांगितला जातो. परंतु वेग हा त्या भेदाचा परिणाम आहे. भेद मुळात निराळा आहे. साधा बाण घरे मोजतो, आणि कंट्रोलच्या जोडीने दाबलेला बाण तक्त्यात कोठे काय लिहिले आहे ते पाहून थांबण्याची जागा ठरवतो. म्हणून तक्ता ज्याने नीट मांडला असेल त्याची ही कळ इमानेइतबारे सेवा करते, आणि ज्याने तो मनास येईल तसा मांडला असेल त्याला ती पावलोपावली अडखळवते. कळफलकावरचा संचार आणि तक्त्याची मांडणी हे दोन विषय वेगळे शिकवले जातात, ते एकच आहेत असे माझे मत आहे, आणि ते का, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

तक्ता हा प्रकार संगणकाच्या फार पूर्वीचा. रोजकीर्द, खतावणी, तळपट, हजेरीपट, वसुलीचा गोषवारा ही सगळी ओळी आणि रकाने यांचीच अपत्ये होत, आणि कागदावरच्या या दफ्तरात संचाराचा प्रश्न डोळा आणि बोट मिळून सोडवीत असत. लांबरुंद वहीत ओळ चुकू नये म्हणून कारकून ओळीखाली आडवी पट्टी धरीत आणि ती एकेक ओळ खाली सरकवीत रुजुवात घेत. तेथे लेखणी जेथे टेकेल तेथे अक्षर उमटे. पडद्यावरच्या तक्त्याला लेखणी नाही, त्यामुळे पुढचे अक्षर कोणत्या सेलमध्ये उमटावयाचे हे यंत्राला अगोदर सांगून ठेवावे लागते, आणि जाड कडेने वेढलेला तो एक चालू सेल म्हणजे यंत्राने त्या क्षणापुरती मान्य केलेली जागा होय. ही जागा बदलण्याचे साधन कोणते असावे, हा प्रश्न संगणकावरचा पहिला लोकप्रिय तक्ता ज्यांनी रचला त्यांच्यासमोरही अगदी आरंभापासून उभा होता.

डॅन ब्रिकलिन हा १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या हिशेबातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे वर्गात पाहत असताना त्याच्या मनात अशा एका गणकयंत्राची कल्पना आली, की ज्याच्या पाठीला एक फिरता गोळा असावा, लढाऊ विमानाच्या वैमानिकापुढे जसे आकडे काचेवर तरंगतात तसे आकडे आपल्यापुढे तरंगावे, आणि तो गोळा फिरवून हव्या त्या आकड्यापाशी जाता यावे. म्हणजे आरंभीच्या कल्पनेत संचार हाताने दिशा दाखवून व्हावयाचा होता. प्रत्यक्षात अॅपल टू या यंत्रावर पहिला नमुना करताना त्याने खेळांसाठी दिलेली फिरकी त्या कामी लावून पाहिली. पण ती हळू चाले आणि नेमकी थांबत नसे, म्हणून त्याने ती कल्पना सोडून बाणांच्या कळांचा आश्रय घेतला. बॉब फ्रँकस्टन याच्या साहाय्याने हा कार्यक्रम पुरा झाला आणि १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ या नावाने विक्रीस आला.

येथे एक अडचण होती, आणि तिच्यावर काढलेला तोडगा मला या सर्व इतिहासातील अत्यंत रमणीय भाग वाटतो. अॅपल टूच्या कळफलकावर बाणांच्या कळा दोनच होत्या, डावा आणि उजवा; वर आणि खाली जाण्यासाठी कळच नव्हती. २५४ ओळी आणि ६३ रकाने असलेला तक्ता दोन बाणांनी कसा हिंडावा? ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांनी अशी तजवीज केली की मोकळी जागा सोडण्याची लांब कळ एकदा दाबली की तेच दोन बाण आडव्याऐवजी उभे चालू लागतील, आणि ती पुन्हा दाबली की पुनः आडवे चालतील. या घडीला बाण कोणत्या दिशेचे आहेत हे विसरले जाऊ नये म्हणून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चिन्ह ठेवलेले असे: आडव्या चालीसाठी आडवी रेघ आणि उभ्या चालीसाठी उद्गारचिन्ह. लांबच्या सेलवर जावयाचे असेल तर ‘पेक्षा मोठा’ हे गणिती चिन्ह टंकून त्यापुढे सेलचा पत्ता द्यावयाचा, की कर्सर थेट तेथे हजर. साधनांची एवढी टंचाई असताना केलेली ही रचना किती विचारपूर्वक होती हे पाहावयाचे असेल, तर तिच्यातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या: जवळ जाण्यासाठी पावलापावलाची चाल, दूर जाण्यासाठी पत्ता, आणि यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारी खूण. आजच्या तक्त्यांतही याच तीन गोष्टी आहेत. भर पडली ती चौथ्या एका गोष्टीची, आणि ती आयबीएमच्या यंत्रासाठी पुढे निघालेल्या ‘लोटस’ या तक्त्याने लोकांच्या अंगवळणी पाडली.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली निघाला, त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. त्यात चारही बाण होते खरे, पण ते उजव्या हाताच्या आकड्यांच्या कळांवरच बसवलेले: आठावर वर, दोनावर खाली, चारावर डावा, सहावर उजवा, आणि शेजारी सातावर होम, एकावर एंड, नवावर पेज अप, तीनावर पेज डाउन. नम लॉकची कळ दाबली की तेच बाण आकडे बनत. हिशेबाचे काम करणाऱ्याला आकडेही त्याच कळांवर भरावयाचे आणि संचारही त्याच कळांवर करावयाचा, हा मोठाच जाच होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८२ साली आपल्या कळफलकावर चार बाण उलट्या टी अक्षराच्या आकारात वेगळे बसवले, आणि पुढे आयबीएमने १०१ कळांच्या कळफलकात तीच मांडणी उचलली, तेव्हा कोठे बाणांना त्यांचे स्वतंत्र स्थान मिळाले. आज टेबलावरच्या बहुतेक कळफलकांवर ते तेथेच आहेत.

मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचा ‘लोटस १-२-३’ जानेवारी १९८३ मध्ये या आयबीएम यंत्रासाठी निघाला. त्यात एंडची कळ दाबून नंतर बाण दाबला असता कर्सर भरलेल्या सेलांच्या काठापर्यंत एका उडीत जाई, आणि मी म्हटलेली चौथी गोष्ट ती हीच: मजकूर पाहून थांबणारी उडी. सेल दुरुस्त करण्यास एफ-२, पत्ता पक्का करण्यास एफ-४, थेट पत्त्यावर जाण्यास एफ-५, पुन्हा हिशेब करण्यास एफ-९ ही वाटणीही लोटसचीच, आणि ती आज एक्सेलमध्ये जशीच्या तशी नांदते आहे. महाराष्ट्रात ज्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अथवा नव्वदच्या दशकात टंकलेखनाच्या वर्गांतून संगणकाचे वर्ग होताना पाहिले असतील, त्यांना वर्डस्टार, लोटस आणि डीबेस ही त्रयी तोंडपाठ असेल. त्या वर्गांत माउस नव्हता, आणि जी काही गती बोटांना आली ती कळांवरच आली.

एक्सेलचा जन्म मात्र याच्या उलट दिशेला झाला. तो १९८५ साली प्रथम मॅकिंटॉशसाठी आला, आणि १९८४ च्या मूळ मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळा मुद्दामच ठेवल्या नव्हत्या, कारण लोकांनी माउस वापरावा अशी स्टीव्ह जॉब्सची इच्छा होती. १९८७ साली एक्सेल विंडोजवर आला, तेव्हा लोटसच्या सरावलेल्या बोटांना आपलेसे केल्यावाचून त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते; म्हणून त्याने लोटसच्या कळा स्वीकारल्या. तिरपी रेघ दाबली की आजही एक्सेलचा आज्ञापट जागा होतो, आणि त्याच्या पर्यायांच्या यादीत लोटसच्या पद्धतीने कळा चालवण्याची सोय अद्याप ठेवलेली आहे. एखाद्या संस्थेत जुना फडणीस निवृत्त होऊनही त्याने घालून दिलेला वहिवाटीचा क्रम पुढील पिढ्यांनी चालवावा, त्यातलाच हा प्रकार.

आता त्या उडीचे अंतरंग पाहू. कंट्रोल आणि बाण एकत्र दाबले, अथवा एंड दाबून मग बाण दाबला, तर एक्सेल पुढील सेल भरलेला आहे की रिकामा, एवढेच विचारतो. चालू सेल भरलेला असेल आणि लगतचा सेलही भरलेला असेल, तर तो भरलेल्या सेलांच्या रांगेत पुढे जात राहतो आणि पहिल्या रिकाम्या सेलच्या अलीकडे थांबतो. लगतचा सेल रिकामा असेल, तर तो रिकाम्या पट्ट्यावरून उडी मारून पुढच्या पहिल्या भरलेल्या सेलवर उतरतो. आणि पुढे कोठेच काही भरलेले नसेल तर तक्त्याच्या अगदी टोकाला जातो. नियम इतकाच आहे, आणि त्याच्यातून निघणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत.

एका पतसंस्थेची कर्जहप्त्यांची नोंद घेऊ. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत. ए रकान्यात अनुक्रमांक, बी मध्ये खाते क्रमांक, सी मध्ये कर्जदाराचे नाव, डी मध्ये हप्त्याची तारीख, ई मध्ये रक्कम आणि एफ मध्ये पावती क्रमांक, अशा तीन हजार नोंदी, म्हणजे शेवटची नोंद ३,००१ व्या ओळीवर. ए १ वर उभे राहून कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की कर्सर ए ३००१ वर थांबतो, आणि नोंदी किती आहेत हे न मोजता कळते. आता एफ १ वर येऊन तेच करू. कर्सर ३,००१ वर न जाता एफ ४१२ वर थांबला. का थांबला? कारण एफ ४१३ रिकामा आहे. त्या हप्त्याची पावती क्रमांकाची नोंद राहून गेली आहे. पुन्हा तीच कळ दाबली की कर्सर तो रिकामा सेल ओलांडून एफ ४१४ वर उतरतो, आणि तिसऱ्यांदा दाबली की पुढच्या उणिवेपर्यंत, अथवा उणीव नसल्यास थेट अखेरच्या नोंदीपर्यंत जातो. भिंतीला हात लावून अंधारातून चालणारा मनुष्य जसा भिंत संपताच थबकतो, तशी ही कळ मजकूर संपताच थबकते. आणि म्हणून प्रत्येक रकान्याच्या माथ्यावरून एकेकदा ती दाबत गेले, तर तीन हजार ओळींच्या दफ्तरातील राहिलेल्या नोंदींचा तपास काही मिनिटांत लागतो. वार्षिक लेखापरीक्षणापूर्वी प्रत्येक पतसंस्थेच्या हिशेबनिसाने हा फेरफटका मारावा असे मी आग्रहाने सांगेन.

या तपासात एक मेख आहे. एखाद्या सेलमध्ये चुकून मोकळ्या जागेची कळ दाबली गेली असेल, तर तो डोळ्यांना रिकामा दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो भरलेला असतो, आणि कर्सर त्यावर न थांबता पुढे निघून जातो. तीच गत ज्या सूत्राचे उत्तर कोरे येते त्या सेलची. म्हणजे उडी थांबली तर तेथे उणीव नक्की आहे, पण उडी न थांबली म्हणजे उणीव नाही असे मात्र निःशंकपणे म्हणता येत नाही.

याच नियमामुळे तक्त्याच्या मांडणीतील काही प्रचलित सवयी घातक ठरतात. आपल्याकडे महिना संपला की सौंदर्यासाठी एक ओळ कोरी सोडण्याची रीत कागदी वहीतून आलेली आहे. कागदावर ती शोभते. पडद्यावरच्या तक्त्यात ती भिंतीला पाडलेले भगदाड ठरते. तिच्यापाशी कंट्रोल-बाणाची उडी तुटते हे तर खरेच, पण याहून गंभीर गोष्ट अशी की एक्सेल ज्याला सलग क्षेत्र समजतो त्याची हद्दच त्या कोऱ्या ओळीशी संपते, आणि नावांप्रमाणे क्रम लावण्याचा हुकूम दिला की फक्त वरच्या भागाचा क्रम लागतो, खालचा जसाच्या तसा राहतो. कोरा रकाना मध्ये सोडला असेल तर अनर्थ अधिक मोठा: कोऱ्या रकान्याच्या एका बाजूची नावे हलतात आणि दुसऱ्या बाजूच्या रकमा जागच्या जागी राहतात, आणि एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खाती पडतो. उडी कोठे थांबते हे पाहणे म्हणजे यंत्राला आपला तक्ता कोठवर एक वाटतो हे पाहणे होय. ओळींमध्ये अंतर हवेच असेल तर ओळीची उंची वाढवावी, महिना वेगळा दाखवावयाचा तर महिन्याचा एक रकाना करावा. कोरी ओळ सोडू नये. अनेक सेल एकत्र करून त्यांवर मोठे शीर्षक पसरवण्याची हौसही अशीच आवरती घ्यावी, कारण एकत्र केलेला सेल ओलांडताना एखादा रकाना निवडावयास जावे तर शेजारचे दोन-तीन रकाने सोबत निवडले जातात.

ज्या रकान्यात रिकाम्या जागा असणे स्वाभाविक आहे, जसे शेरा अथवा दंडव्याज, त्याचा शेवट गाठावयाचा तर दोन मार्ग आहेत. एक, अनुक्रमांकाच्या पूर्ण भरलेल्या रकान्यातून खाली जावे आणि मग आडवे वळावे. अनुक्रमांकाचा रकाना ठेवण्याची जुनी शिस्त येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. दुसरा मार्ग, तक्त्याच्या तळापासून कंट्रोल आणि वरचा बाण दाबून वर यावे, म्हणजे मधल्या रिकाम्या जागांचा अडथळा येतच नाही आणि पहिला भरलेला सेल तोच शेवटची नोंद ठरतो. एक्सेलसाठी छोटे कार्यक्रम लिहिणारे लोकही शेवटची ओळ शोधताना हीच खालून वर येणारी उडी वापरतात, आणि त्यांच्या भाषेतही त्या क्रियेचे नाव ‘एंड’ असेच आहे.

शिफ्टची कळ सोबत धरली की संचार निवडीत रूपांतरित होतो: कंट्रोल, शिफ्ट आणि बाण मिळून दाबले की जेथपर्यंत कर्सर गेला असता तेथपर्यंतचे सेल निवडले जातात. सूत्र लिहितानाही हेच चालते. बेरजेचे सूत्र टंकून कंस उघडावा, बाणांनी पहिल्या रकमेवर जावे, कंट्रोल आणि शिफ्ट धरून खालचा बाण दाबावा आणि एंटर करावे. तीन हजार रकमांची बेरीज एकही पत्ता न टंकता होते, आणि पत्ता टंकताना होणारी एका शून्याची चूक टळते. अर्थात रकमांच्या रकान्यात मध्येच रिकामा सेल असेल तर बेरीज तेथवरच होईल, म्हणून एंटरपूर्वी निवड कोठे संपली ते डोळ्यांखालून घालावे.

कंट्रोल आणि होम मिळून तक्त्याच्या आरंभी नेतात. शीर्षकाच्या ओळी गोठवलेल्या असतील तर त्यांच्या खालच्या पहिल्या सेलवर. कंट्रोल आणि एंड मिळून वापरलेल्या क्षेत्राच्या शेवटच्या कोपऱ्यावर नेतात, आणि तो कोपरा कधीकधी अपेक्षेहून फार दूर निघतो, कारण जेथे कधी रंग भरला अथवा रेघा मारल्या असतील ते सेलही यंत्र वापरलेलेच धरते. अकारण फुगलेल्या, उघडण्यास वेळ घेणाऱ्या फायलीचे निदान पुष्कळदा या एका कळीच्या जोडीने होते. नोंदींच्या खालच्या त्या निरुपयोगी ओळी समूळ काढून फाईल जतन केली की कोपरा जागेवर येतो. एकाच फायलीतील एका पानावरून दुसऱ्यावर कंट्रोलसह पेज अप आणि पेज डाउन यांनी जावे. मॅकवर यांपैकी पुष्कळ ठिकाणी कमांडची कळ वापरतात.

आकडे भरण्याच्या कामात मात्र उड्यांपेक्षा टॅब आणि एंटर यांची जोडी अधिक मोलाची आहे, आणि आश्चर्य असे की रोज हेच काम करणाऱ्यांपैकीही अनेकांना तिचा पुरता परिचय नसतो. निकालपत्रक भरणारे वर्गशिक्षक घ्या. सी रकान्यात मराठी, डी मध्ये हिंदी, ई मध्ये इंग्रजी, एफ मध्ये गणित, जी मध्ये विज्ञान, एच मध्ये समाजशास्त्र. सी २ मध्ये पहिल्या विद्यार्थ्याचे मराठीचे गुण टंकून टॅब दाबावे, हिंदीचे टंकून टॅब, असे समाजशास्त्रापर्यंत जावे, आणि शेवटचे गुण टंकल्यावर टॅबऐवजी एंटर दाबावे. कर्सर एच ३ वर न जाता थेट सी ३ वर, म्हणजे दुसऱ्या विद्यार्थ्याच्या मराठीच्या गुणांवर जाऊन उभा राहतो. टॅबची माळ कोणत्या रकान्यापासून सुरू झाली हे एक्सेल ध्यानात ठेवतो आणि एंटर दाबताच त्या रकान्यात, एक ओळ खाली परत आणतो. मध्येच बाण दाबला अथवा माउसने टिचकी मारली की ही स्मृती पुसली जाते, म्हणून चूक झाली तर मागे जाण्यासाठी शिफ्ट आणि टॅब वापरावे. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर नजर, डावा हात टॅबवर, उजवा हात आकड्यांवर, अशी एकदा लय बसली की पडद्याकडे पाहण्याची गरज फारशी उरत नाही. भरावयाचा भाग आधी निवडून घेतला तर याहूनही बरे, कारण मग टॅब आणि एंटर त्या निवडीच्या हद्दीबाहेर कर्सरला जाऊच देत नाहीत.

बाण दाबूनही कर्सर अपेक्षेप्रमाणे न हलण्याची दोन कारणे सर्वांनी जाणून ठेवावी. सेलमध्ये टंकण्यास आरंभ केला असता बाण दाबला की नोंद पुरी होते आणि कर्सर शेजारी जातो. पण एफ-२ दाबून दुरुस्ती चालू असेल तर तोच बाण मजकुराच्या आत एकेक अक्षर फिरतो, आणि सूत्र लिहीत असताना तोच बाण दुसऱ्या सेलचा पत्ता सूत्रात आणतो. खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात यंत्राची ही अवस्था लिहिलेली असते. व्हिजिकॅल्कच्या रेघेचे आणि उद्गारचिन्हाचे काम आज ती करते; तिच्याकडे पाहण्याची सवय असावी. दुसरे कारण स्क्रोल लॉक. ती कळ चुकून दाबली गेली की बाणाने चालू सेल न हलता सगळा तक्ताच सरकू लागतो, आणि अनेक लॅपटॉपांवर ती कळच नसल्याने मनुष्य हवालदिल होतो. अशा वेळी विंडोजचा पडद्यावरचा कळफलक उघडून तेथे ती बंद करावी.

माउस टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही, आणि येथे मोजमाप उपलब्ध आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अॅलन न्यूएल यांनी १९८० साली संगणकावरच्या हातांच्या हालचालींचे काळ मोजून एक कोष्टक मांडले: सरावलेल्या मनुष्यास एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, हात कळफलकावरून माउसवर नेण्यास ०.४, माउसने लक्ष्य गाठण्यास सुमारे १.१, आणि पुढे काय करावयाचे ते मनाशी ठरविण्यास सुमारे १.३५. या हिशेबाने माउसने एक सेल गाठून हात परत कळफलकावर आणण्यास दोन सेकंदांच्या आसपास लागतात आणि टॅबला एक पंचमांश सेकंद. तीन हजार हप्त्यांत प्रत्येकी पाच रकाने भरताना हा फरक तासांचा होतो. उलट पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातील, कोणत्याही काठावर नसलेला एकच सेल गाठावयाचा असेल आणि त्यासाठी वीस वेळा बाण दाबावा लागत असेल, तर चार सेकंद जातात आणि माउस निर्विवाद सरस ठरतो. त्या कोष्टकातील सर्वांत मोठा आकडा मात्र कळीचाही नाही आणि माउसचाही नाही. तो विचाराचा आहे, आणि कोणती कळ दाबावी हे आठवण्यात जो वेळ जातो तो त्यातच धरावा लागतो. म्हणून शंभर कळांची यादी पाठ करण्यापेक्षा सात-आठ कळा बोटांत भिनवाव्या, हेच श्रेयस्कर.

ज्यांना माउसचा उपयोगच नाही, अशा दृष्टिहीन वाचकांचा आणि हिशेबनिसांचा विचार या विषयात शेवटी ठेवण्याची प्रथा आहे. वास्तविक त्यांच्याकडूनच हा विषय शिकावा. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन गृहस्थाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ हा पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम लिहिण्यास आरंभ केला. तो विनामूल्य मिळतो, आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा उच्चारक मराठीही वाचतो. एक्सेलमध्ये बाण दाबला की तो सेलमधील मजकूर आणि सेलचा पत्ता उच्चारतो, आणि शीर्षकाची ओळ कोणती हे त्याला एकदा सांगून ठेवले तर रकाना बदलताना त्या रकान्याचे शीर्षकही बोलतो. ‘रक्कम’ असे ऐकून मग आकडा ऐकू येतो. असा मनुष्य रंगावरून, जाड रेघांवरून अथवा सोडलेल्या मोकळ्या जागेवरून तक्त्याचा अंदाज बांधू शकत नाही. त्याला तक्त्याचा विस्तार कळतो तो कंट्रोल आणि बाण यांची उडी कोठे थांबली यावरून, आणि कोऱ्या ओळीपाशी ती थांबली तर तक्ता तेथेच संपला असे समजण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याच्या हाती द्यावयाच्या तक्त्यात शीर्षके एकाच ओळीत असावी, सेल एकत्र केलेले नसावे, मध्ये कोरी ओळ अथवा कोरा रकाना नसावा आणि खात्याची स्थिती नुसत्या तांबड्या रंगाने न दाखवता ‘थकीत’ असा शब्द सेलमध्ये लिहिलेला असावा. पतसंस्थेच्या ज्या तक्त्याचे उदाहरण वर घेतले, त्यात क्रम नीट लागावा, बेरीज पुरी यावी आणि राहिलेली पावती सापडावी म्हणून ज्या अटी पाळाव्या लागल्या, त्यांत या यादीने भर पडते ती केवळ त्या ‘थकीत’ शब्दाची, आणि तो शब्द रकान्यात असला म्हणजे थकीत खाती चाळून वेगळी काढणेही सर्वांनाच सोपे जाते.